तेक्लाबाईंनी उसवलेला कोट

चूक तेक्लाबाईंची होती. वय एक्याण्णव, गुडघे गेलेले, रस्त्यात दिसल्या की अख्खं गाव टोपी काढतं. म्हणून काही चूक धुऊन निघत नाही.

“पण ती परत येईल का, एवढंच सांगा.” ओराझिओ दारातूनच विचारत होता. रोमहून दोन तास गाडी हाकत डोंगरातल्या या गावात आला होता आणि अजून बसलाही नव्हता.

“आधी बस.”

“मला उभंच बरं वाटतं.”

“बसता येत नाही म्हण.”

त्याच्या अंगातल्या काळ्या कोटाची तिन्ही बटणं लावलेली होती, आणि त्यांच्यामागे अडुसष्ट वर्षांचं पोट आत ओढून धरलेलं होतं…

ओराझिओ बेल्फान्ती. रोममध्ये हे नाव घेताना श्रीमंत बायका आवाज खाली आणत. सतराव्या वर्षी तो एका कोळ्यांच्या गावातून चित्रांची गुंडाळी काखेत मारून आला. तेक्लाबाईंच्या शिवणघरात अकरा वर्षं सुई धरली. अठ्ठाविसाव्या वर्षी स्वतःचं शिवणघर उघडलं. मग नट्या आल्या, मंत्र्यांच्या बायका आल्या, राज्य गेलेली एक राणीसुद्धा आली. ज्यांना स्वतःच्या शर्टाचं बटण शिवता येत नाही अशा समीक्षकांनी त्याला कापडाचा शिल्पकार म्हटलं, आणि त्या शहाण्यानं ते खरं मानलं.

त्याच्याकडे एक नियम होता. बाईचं माप एकदाच घ्यायचं, पहिल्या भेटीत. त्या मापाचा कापडी पुतळा करायचा, पुतळ्याच्या गळ्यात तिच्या नावाची चिठ्ठी. पुढे ती बाई वीस वर्षांनी आली तरी झगा बेतायचा तो पुतळ्यावर. आणि शिवणीच्या आत शिंपी जे जादा कापड दुमडून ठेवतात, ज्याला माया म्हणतात, ते नखाएवढंही ठेवायचं नाही. झगा आतूनही चिकणा दिसला पाहिजे.

म्हणजे सैल करायची सोयच नाही.

“काय झालं ते नीट सांग,” तेक्लाबाई म्हणाल्या.

“शनिवारी माझ्या कामाला चाळीस वर्षं होतात. मोठा सोहळा आहे. सगळ्यात आधी माझा नवा झगा घालून दोनाता मंचावर चालणार होती.”

दोनाता म्हणजे त्याची पहिली गिऱ्हाईक. तेव्हा तेवीस वर्षांची नवखी नटी होती. आता त्रेसष्ट.

“बरं. मग?”

“काल घालून बघायला आली. पाठीवरची हुकं लागेनात. चार बोटं फट राहिली.”

“आणि तू काय म्हणालास?”

“म्हटलं, पुतळ्यावर तर बसलाय.”

“छान. ती काय म्हणाली?”

ओराझिओनं खिडकीबाहेर पाहिलं.

“म्हणाली, ‘या मापाची बाई सापडली तर माझीही ओळख करून दे.’ झगा खुर्चीवर ठेवला आणि निघून गेली. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.”

“परत माप घ्यायचं होतंस.”

“तुम्ही हे म्हणता? तुम्ही?”

“का, काय झालं?”

“मायेस्त्रा,” तो म्हणाला. शिकाऊ पोरं गुरूबाईला अशीच हाक मारतात. “तुमचंच वाक्य आहे. माझ्या पहिल्याच महिन्यात सांगितलंत. ‘दुसऱ्यांदा माप घेणारा शिंपी बाईचा अपमान करतो.’ माझ्या शिवणघरात दारासमोर लावलंय ते. संगमरवरात कोरून.”

“संगमरवरात?”

“हो.”

तेक्लाबाई हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं. ओराझिओ उभाच होता. त्याच्या तोंडावर कुणी हसलेलं कित्येक वर्षांत त्यानं पाहिलं नव्हतं.

“अरे, तुझे हात थरथरायचे,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी एका वकिलाच्या बायकोचं माप घेत होतास. टेप तिच्या काखेत अडकवलीस. दोनदा टाचणी टोचलीस. एवढं करून साहेब परत टेप घेऊन निघाले तिच्याकडे. ती बाई दाराकडे बघायला लागली होती. तुला थांबवायला काहीतरी बोलणं भाग होतं.”

“काहीतरी?”

“तोंडाला आलं ते बोलले. मग कॉफी प्यायला गेले.”

…

वडीलधाऱ्यांचं हे असं असतं. स्वतःची दुपार निभावून नेण्यापुरतं एक वाक्य टाकायचं आणि कॉफी प्यायला जायचं. ऐकणारा सतरा वर्षांचा असतो. तो ते वाक्य घरी नेतो, त्यावर घर बांधतो, आणि पन्नास वर्षांनी कळतं की ते फक्त एका टाचणीबद्दल होतं.

“म्हणजे ते खरं नव्हतं,” ओराझिओ म्हणाला.

“त्या दुपारपुरतं होतं.”

“मग नंतर का नाही सांगितलंत?”

“तू विचारलं नाहीस. तू एकदम भाषणंच द्यायला लागलास.”

ही पळवाट होती. दोघांनाही ते कळलं. ओराझिओ नुसता बघत राहिला, आणि त्या बघण्यानं म्हातारीची मान खाली गेली.

“वर्तमानपत्रात तू माझं नाव घेऊन ते वाक्य सांगायचास,” तेक्लाबाई म्हणाल्या. “मी कात्रणं ठेवायचे. आवडायचं मला. आता मार हवं तर.”

त्यानं मारलं नाही. ओरडावं असं मात्र फार वाटलं. ओरडायला छातीत हवा भरावी लागते, आणि बटणं लावलेली होती…

“इकडे ये,” त्या म्हणाल्या. “पाठ कर. हात वर.”

तो गेला. सतराव्या वर्षी जायचा तसाच, मुकाट.

हा काळा कोट त्यांनीच शिवलेला. त्यानं स्वतःचं शिवणघर उघडलं त्या दिवसासाठी. प्रत्येक सोहळ्याला आणि तेक्लाबाईंकडे येताना तो हाच घालायचा. अजून बटणं लागतात, म्हणजे आपण बदललो नाही, असा त्याचा हिशेब. बटणं लावायला दहा मिनिटं लागतात आणि ती दारं बंद करून लावावी लागतात, हे त्या हिशेबात धरलेलं नव्हतं.

काखेपाशी काहीतरी गार लागलं. मग कच्च असा आवाज आला.

“मायेस्त्रा, काय करताय?”

“उसवतेय. हलू नकोस, मला दिसत नाही.”

“हा चाळीस वर्षांचा कोट आहे.”

“माहीत आहे. मीच शिवलाय.”

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण बोटांना वाट पाठ होती. काखेपासून कमरेपर्यंत एक एक टाका सुटत गेला. शिवण उघडली आणि आतून दुमडलेलं कापड बाहेर आलं. तीन बोटं रुंद. बाहेरचा कोट विटून राखाडी झाला होता. ही पट्टी मात्र दुकानातून आज आणल्यासारखी काळीकुळकुळीत होती.

ओराझिओनं मान वळवून पाहिलं.

“मी तर माया कापून टाकायला सांगितली होती. तेव्हासुद्धा.”

“सांगितली होतीस.”

“मग?”

“माझ्या हाताखालचा पोरगा मला शिवण शिकवत होता. मी हो म्हटलं आणि ठेवली.”

दुसरी बाजूही त्यांनी उसवली. मग पांढरा दोरा ओवायला त्याच्याच हातात दिला, आणि लांब लांब कच्चे टाके घालून दोन्ही बाजू नव्या रेषेवर धरल्या. काळ्यावर पांढरे टाके, दोन्ही बगलांत उभी काळी पट्टी. कुठल्याही शिकाऊ शिंप्याला शरम वाटावी असं दिसत होतं.

“घे श्वास.”

त्यानं घेतला.

तो आत गेला, आणि आणखी आत गेला, आणि जिथे तो दर वेळी अडायचा तिथे अडला नाही. ओराझिओला गरगरलं. हाताला लागली ती खुर्ची ओढून तो धपकन बसला. पोट मांडीवर आलं. बटणं लागलेलीच होती.

“आई गं,” तो म्हणाला, आणि हसायला लागला.

बराच वेळ हसला. तेक्लाबाईंनी सुई कापडात खोचून ठेवली.

“एकावन्न वर्षं मला वाटत होतं की मी एक दिवस चुकेन,” तो म्हणाला. “दुसऱ्यांदा टेप हातात घेईन आणि सगळ्यांना कळेल, याला काही येत नाही.”

“तुला येत नव्हतंच. सतरा वर्षांचा होतास.”

त्याला ते इतकं बरं वाटलं की त्यानं पुन्हा एकदा श्वास घेऊन पाहिला.

“दोनाताच्या झग्यात जादा कापड नाही,” मग तो म्हणाला. “पाठ उसवून पट्टी घालावी लागेल. पट्टी दिसेल.”

“दिसू दे.”

“त्याच्याआधी तिचं माप…”

“फोन तिथे भिंतीवर आहे.”

तो उठला, नंबर फिरवला. पलीकडे दोनातानं उचलला. तयार केलेलं वाक्य तो विसरला.

“दोनाता, मला तुझं माप माहीत नाही,” तो म्हणाला. “घ्यायला येऊ का?”

ती म्हणाली, “तू बरा आहेस ना?”

“आहे. आत्ताच बसलो होतो.”

“काय?”

“काही नाही. उद्या सकाळी येऊ?”

“ये. पण मी जाडी झालेय हं, ओराझिओ.”

“मीसुद्धा.”

ती हसली. त्यानं फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. ती सोहळ्याला येणार होती. शनिवारी झग्याला पट्टी असणार होती, बगलांत पांढरे टाके घातलेला कोट असणार होता, समीक्षक काय लिहायचं ते लिहिणार होते, आणि त्याला यातल्या कशाचीच धास्ती वाटत नव्हती.

तेक्लाबाईंनी घेवड्याचं सूप वाढलं. त्यानं दोन वाडगे संपवले, पाव मोडून तळ पुसला, तिसऱ्यांदा वाडगा पुढे केला.

“उद्या माप घेऊन झालं की तिलाही कुठेतरी जेवायला नेतो,” तो म्हणाला.

“आधी जेवायला घाल. मग माप घे.”

“आधी का?”

“तुझ्याकडे यायचं म्हणजे बायका चार चार दिवस जेवायच्या नाहीत. हुकं लागावीत म्हणून. मी रोममध्ये होते तेव्हा माझ्याकडे येऊन सांगायच्या.”

ओराझिओनं चमचा खाली ठेवला.

“सगळ्या?”

तेक्लाबाईंनी त्याचा वाडगा काठोकाठ भरला आणि त्याच्यासमोर सरकवला.

“चाळीस वर्षं तू फक्त उपाशी बायका पाहिल्यास.”