यादीतलं बारावं नाव

"पण मास्तर, हणमंताला ठेवायचं तरी कशासाठी?"

प्रल्हादने हे तिसऱ्यांदा विचारलं.

नलवडे मास्तर मैदानावर उकिडवे बसून खडे वेचत होते. खो-खोच्या पाटीवर आठ जण ज्या चौकोनांत बसतात, त्यांतला खडा न् खडा ते गेली चाळीस वर्षं सरावाआधी स्वतः काढत आले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी संघ प्रल्हादच्या हवाली केला. खडे मात्र कुणाच्या हवाली केले नाहीत.

प्रल्हाद त्यांच्याच हाताखाली खेळून मोठा झालेला. पुढे पुण्याला जाऊन प्रशिक्षणाचं शिकून आला, आणि येताना गळ्यात स्टॉपवॉच अडकवून आला. कोण किती वेगाने पळतो, हे त्याच्या वहीत सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लिहिलेलं असे. वहीच्या हुकमाने त्याने जुने गडी एकेक करून काढले, वाऱ्यासारखे पळणारे नवे आणले, आणि दोन्ही वर्षं जिल्ह्याची अंतिम फेरी हरला.

पाय कुठेच कमी पडले नव्हते. घात झाला तो बसल्या जागी. पाठीवर हात पडायच्या आतच गडी उठायचे. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पंचांची शिट्टी वाजायची आणि समोरचा धावक निसटायचा.

यंदा हरलास तर दुसरा माणूस पाहू, असं मंडळाने त्याला तोंडावर सांगितलं होतं. बारा नावांची यादी सकाळी द्यायची होती. अकरा ठरली होती. बाराव्या जागी एक चपळ नवा गडी घ्यायचा आणि बत्तीस वर्षांच्या हणमंताला, म्हणजे वहीतल्या सगळ्यांत सावकाश माणसाला, घरी बसवायचं, एवढंच उरलं होतं. हणमंत पिठाची गिरणी चालवायचा. आता वगळला तर तो पुन्हा मैदानात दिसणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

यासाठी मास्तरांचा होकार कशाला हवा? प्रल्हादला ते सांगता आलं नसतं. खरं म्हणजे तो घाबरला होता.

मास्तरांनी मूठभर खडे कुंपणापलीकडे टाकले.

"घड्याळ दे."

प्रल्हादने गळ्यातलं घड्याळ काढून दिलं. म्हातारा शेवटी मोजायला तयार झाला तर, असं वाटून तो मनात सुखावलासुद्धा.

"आता बस. चौकोनात."

"मी?"

मास्तरांनी चौकोनाकडे बोट दाखवलं.

प्रल्हाद बसला. बारा वर्षांनी बसला, गुडघे करकरले. मास्तरांनी सरावाला जमलेल्या तेराही गड्यांना हाताशी घेतलं. एकेकाने खांबाकडून पळत यायचं, मागून खो द्यायचा आणि प्रल्हादने उठून धावायचं. कोण येतोय ते मागे वळून पाहायचं नाही. ते स्वतः घड्याळ हातात धरून रेषेपाशी उभे राहिले.

पहिल्याचा खो म्हणजे धक्काच होता. प्रल्हाद दोन्ही हातांवर पडला. दुसऱ्याची हाक आधी आली, हात नंतर. आणि प्रल्हाद मधल्यामध्येच उठला. ज्या चुकीसाठी त्याने दोन वर्षं या माणसांना फैलावर घेतलं, तीच त्याने केली होती. कुणी हसलं नाही. तिसऱ्याचा हात खांद्यावरून घसरला. चौथा, पाचवा... प्रत्येक वेळी मान मागे वळवावीशी वाटायची, आणि तो कसाबसा ती आवरायचा.

सातव्या वेळी काय झालं, ते त्याला आठवेना. हात आणि शब्द एकदमच आले, आणि त्याला कळलं तेव्हा तो खांबापाशी पोचलेला होता.

मग आठवा. पुन्हा धक्का.

तेरावा झाला तेव्हा प्रल्हादची विजार मातीने माखली होती.

"कुणाचा बरा होता?" मास्तरांनी विचारलं.

"सातव्याचा." त्याला विचार करावा लागला नाही. "कोण होता सातवा?"

सगळे एकाच दिशेला पाहत होते. तिथे हणमंत अवघडून उभा होता. त्याच्या कानामागे गिरणीचं पीठ अजून तसंच होतं.

प्रल्हादला लाज वाटली, चांगलीच वाटली. पण सवय कुठे जाते? त्याने खिशातून वही काढली, हणमंताच्या नावाचं पान उघडलं आणि पेन सरसावलं.

"सातव्याला किती लागले, मास्तर? लिहून घेतो."

मास्तरांनी घड्याळ त्याच्या हातावर ठेवलं.

त्यावर शून्य होतं. नुसती शून्यं.

"मास्तर, हे तर..."

मास्तर पुन्हा उकिडवे बसले होते. तेरा वेळच्या धावपळीत चौकोनात एक नवा खडा वर आला होता, तो ते नखाने उकरत होते.

"ते चालू कसं करतात, मला कुठं येतंय बाबा."