वितळून गेलेले दगड

घाटाखालच्या एका दाट जंगलात एक खवले मांजर राहत असे. मुलांनो, नावात मांजर असले तरी मांजराशी त्याचे काही नाते नाही बरे का. अंगभर खवले, तोंडात एकही दात नाही, चाल संथ, आणि कोणी जवळपास खाकरले तरी ते अंगाचे वेटोळे करून बसायचे. जंगलात त्याला कोणी काही विचारत नसे. पण एखादी वस्तू हाती लागली, की ती उलटसुलट करून पाहिल्याशिवाय ते सोडत नसे. मला ते आवडते ते याचसाठी.

चैत्रातल्या एका दुपारी त्या जंगलावर काळाकुट्ट ढग आला. वारा असा सुटला, की सगळ्यांनी डोळे मिटून माना खाली घातल्या. आणि मग झाडांतून तडातड दगड कोसळू लागले. काही बोराएवढे, काही आवळ्याएवढे. शेकरूचे घरटे फाटले, सशाच्या कानाला जखम झाली आणि जंगलाचा म्होरक्या असलेल्या गव्याच्या कपाळावर भलेमोठे टेंगूळ आले. थोड्या वेळाने सगळे थांबले. लख्ख ऊन पडले. भेदरलेले प्राणी तळ्याकाठी जमेपर्यंत जमिनीवर ओल तेवढी उरली होती. दगड मात्र एकही दिसत नव्हता.

आता गंमत अशी, की त्या जंगलातल्या कोणीही आजवर गार पाहिलेली नव्हती. त्यांना माहीत होती ती वानरांची खोडी. झाडावर बसून खालच्यांच्या डोक्यावर कोयी आणि बिया टाकायच्या आणि दात विचकायचे, हा त्यांचा रोजचा उद्योग.

"वरून नेहमी कोण फेकतं?" शेकरू तणतणत म्हणाले. "वानरंच ना? आज दगड फेकले."

"मग दगड गेले कुठे?" सशाने विचारले.

"गोळा करून नेले असतील. मागे काही सापडू नये म्हणून."

हे सगळ्यांना एकदम पटले. अंग ठणकत असले, की असले काहीही पटते. म्हातारी वानरीण पुढे आली आणि म्हणाली, "कोयी टाकतो, हे कबूल. पण दगड आम्ही टाकले नाहीत. माझ्या नातवाचा हात बघा, त्यालाही लागलंय." पण त्या पिलाच्या सुजलेल्या हाताकडे कोणी पाहिलेच नाही.

गवा म्हणाला, "पुरे झालं. सूर्य बुडायच्या आत तुमची टोळी डोंगरापलीकडे गेली पाहिजे."

डोंगरापलीकडे गेल्याच महिन्यात वणवा लागला होता. तिथे ना पाला होता, ना पाणी. आठ दिवसांचे ते पिलू तिथे दोन दिवसही काढू शकले नसते. हे तळ्याकाठच्या प्रत्येकाला ठाऊक होते आणि तरीही सगळे गप्प बसले. या ठिकाणी मला त्या सगळ्यांची लाज वाटते.

वानरे डोंगर चढू लागली, तेवढ्यात खवले मांजर डुलत डुलत तळ्याकाठी पोचले. "मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "मी वेटोळं करून पडलो होतो, तेव्हा एक दगड माझ्या पोटाशी अडकला. थंडगार होता. वेटोळं सोडलं तर तो अर्धाच राहिलेला, आणि पोट ओलं. बघता बघता उरलेल्याचंही पाणी झालं."

"दगडाचं पाणी?" शेकरू खो खो हसले. "डोक्यात पडलेला दिसतोय एखादा."

खवले मांजर रागावले नाही. ते मुकाट्याने वळले आणि आपल्या बिळाकडे गेले. बिळाच्या तोंडाशी एक अरुंद घळ होती. तिच्यात कधी ऊन शिरत नसे. गडगडत आलेले दगड तिथे पाचोळ्याखाली साठून राहिले होते. त्यांतला सर्वांत मोठा दगड त्याने पानांत गुंडाळला, शेपटीच्या विळख्यात धरला आणि जमेल तेवढ्या लगबगीने ते परत निघाले. त्याची लगबग म्हणजे आपली सावकाश चाल, पण त्या दिवशी ते वाटेत एकदाही थांबले नाही. मुंग्यांचे एक भरलेले वारूळ आडवे आले, तेही त्याने तसेच सोडले.

तळ्याच्या उथळ पाण्यात एक म्हातारा करकोचा उभा होता. उत्तरेकडे आपल्या घरी परतताना वादळात थव्यापासून चुकून तो नुकताच खाली उतरला होता. खवले मांजराने पाने उलगडताच तो मान लांब करून म्हणाला, "अरे, ही तर गार. आमच्या वाटेवर पुष्कळदा भेटते."

"म्हणजे हा दगड नाही?" गव्याने विचारले.

"पाणी आहे ते. तुमच्या याच तळ्याचंसुद्धा असेल."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. करकोचा सांगू लागला, "उन्हानं तळ्याच्या पाण्याची वाफ होते. ती डोळ्यांना दिसत नाही. पानांतून वाफ निघते, तुमच्या श्वासातूनही निघते. ती गरम हवेबरोबर वर चढते. वर कडाक्याची थंडी असते. तिथे वाफ धुळीच्या बारीक कणाला बिलगते आणि तिचा इवलासा थेंब होतो. असे अगणित थेंब एकत्र आले, की त्याला तुम्ही ढग म्हणता. थेंबांत थेंब मिसळून जड झाले, की पाऊस."

"आणि ही?" खवले मांजराने गारेवरची नजर न काढता विचारले.

"ढगात कधीकधी वारा खालून वर मुसंडी मारतो. मी अशा ढगाला वळसा घालून जातो, कारण त्यात पंख टिकत नाहीत. तो वारा थेंबाला उंच नेतो, तिथे थेंब गोठतो. खाली येताना त्याला आणखी पाणी चिकटतं. वारा पुन्हा वर नेतो, तेही गोठतं. वाऱ्याला पेलवेनाशी झाली, की गार खाली येते. फोडून बघ हवं तर."

खवले मांजराने आपल्या लांब नखाने गार अलगद फोडली. आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखी कडी होती. एक पांढरे, एक पारदर्शक, पुन्हा एक पांढरे. थंडीने पंजा बधिर झाला तरी त्याने ती खाली ठेवली नाही. एकेक कडे मोजत ते म्हणाले, "किती फिरलीस गं बाई तू." आणि मुलांनो, तळ्याकाठचे सगळे आपापले दुखणे विसरून त्या इवल्याशा वस्तूकडे पाहत राहिले. ससा आपला जखमी कान पुढे करून वाकला होता.

"आमच्या वाटेवर मोठे पर्वत आहेत," करकोचा हळूच म्हणाला. "तिथे तीच वाफ थेंब न होता थेट गोठते. सहा टोकांची फुलं होऊन खाली येते. हिम म्हणतात त्याला. पडताना आवाजसुद्धा होत नाही. इतकी वर्षं तिथून जातोय, पण ते दिसलं की मी उडता उडता अजूनही गप्प होतो."

तोवर फुटलेल्या गारेचे पानावर पाणी झाले होते. शेकरूने ते चाटून पाहिले आणि मान खाली घातली. "पाणीच आहे," ते पुटपुटले. "वानरांनी काही केलं नव्हतं."

गवा वळला आणि डोंगर चढू लागला. जंगलाचा म्होरक्या कोणाच्या मागे धावत गेल्याचे तोवर कोणी पाहिले नव्हते. खिंडीत पोचेपर्यंत त्याला धाप लागली. टोळी पलीकडे उतरण्याच्या बेतात होती. समोर सगळा उतार काळा पडला होता.

"थांबा," गवा म्हणाला. "चूक माझी झाली. ते दगड नव्हते. परत चला."

त्याने घडले ते सगळे सांगितले. वानरिणीने ते ऐकून घेतले आणि पिलाला पोटाशी घट्ट धरत विचारले, "खवले मांजराला ती गार मिळाली म्हणून आम्ही सुटलो. ते तळ्याकाठी पोचायच्या आत ती वितळली असती, तर?"

गवा वाटेतून बाजूला झाला. टोळीतले शेवटचे वानर खाली उतरेपर्यंत तो तिथेच मान खाली घालून उभा राहिला.

तात्पर्य : न कळलेल्या गोष्टीचा दोष ओळखीच्या खोडकरावर टाकणे सोपे असते; ती गोष्ट हातात घेऊन नीट पाहणे अवघड असते, पण न्याय त्यातूनच होतो.