पुलावर मेलेली वैदीण

मिरजेत चौघं मिळून फासे टाकून राक्षस मारायचा खेळ खेळायची. प्रत्येकाचं एक सोंग, त्याची माहिती एका कागदावर; सोंग मेलं की कागद फाडायचा. खेळ चालवायचा हेरंबदादा आणि राजाचं सोंगही त्याचंच. कृतिकाची वैदीण मात्र तिच्या गेलेल्या भावाने रचलेली. त्याच्या हातचा तेवढाच कागद उरला होता बघा.

एका रविवारी दादाने खेळ काढणाऱ्या कंपनीचा नियमांबद्दलचा नवा खुलासा फडकवला. "बेशुद्ध माणसाला आपल्या हाताने औषध पिता येत नाही. गेल्या महिन्यात पुलावर तुझी वैदीण बेशुद्ध पडून स्वतःच औषध प्यायली होती, म्हणजे ती तेव्हाच मेली. फाड कागद!"

"झालेला डावही मोडायचा, दादा?"

"नियम म्हणजे नियम!"

कृतिकाने कागद पुढे सरकवला. "मग तुमचाही फाडा. पुलानंतर तुमच्या राजाला नाग डसला, तेव्हा विष हिनेच उतरवलं. ही मेलेली, तर राजा जिवंत कसा?"

दादाने खुलाशाची घडी घातली. "नियम आजपासून लागू," तो पुटपुटला.

भावाचं अक्षर परत वहीत गेलं.