करडीचा दगड

बिरोबाच्या माळावर, देवळाच्या पायऱ्यांपासून जरा बाजूला, गुडघाभर उंचीचा एक काळा सपाट दगड आहे. त्यावर दोन खळगे दिसतात. एक लहान मूल नीट बसेल एवढा, आणि त्याला लागून दुसरा, उथळ. दगडाला शेंदूर नाही, नारळ नाही. तरी इथल्या मेंढपाळांचं पोर त्यावर बसल्याशिवाय कोकराला हात लावत नाही.

आम्ही गेलो तेव्हा आमच्यातली धाकटी रेवा बिस्कीट घेऊन देवळापाशी भाकरी खाणाऱ्या कुत्र्याकडे धावत सुटली.

"आगं ए वावटळे, थांब!" पायरीवर बसलेले म्हातारे मेंढपाळ धुळाप्पा ओरडले. "त्यो जेवतुया. तुझ्या ताटात कुणी हात घातला तर काय करशील?"

"चावीन," रेवा म्हणाली.

"मग त्येनं काय करावं?"

रेवा जागीच थांबली. धुळाप्पांनी दगडाकडे बोट केलं आणि सांगायला सुरुवात केली.

फार मागे या माळावर धनगरांचा तळ पडला होता, असं सांगतात. तेव्हा इथे लांडगे फार. बिरू आणि त्याची बायको फुलाक्का यांचा कळप करडी नावाची कुत्री राखायची. तिच्या भरवशावर सगळा तळ झोपायचा म्हणे. त्या मुक्कामात करडी एका झुडपाखाली व्याली.

बिरूची लेक सुंद्रा तेव्हा नुकती कामाला लागली होती. वाटेत मेंढी व्याली की ओलं कोकरू आईजवळून उचलायचं, छातीशी धरायचं आणि घोड्यावरच्या टोपलीत ठेवायचं, हे तिला फुलाक्काने शिकवलं होतं. मेंढी ओरडते आणि मागोमाग चालू लागते, एवढंच. पोरगी गुणाची, म्हणून सगळे तिचं कौतुक करायचे.

तळ हलायची वेळ आली. सुंद्रा आपणहून झुडपाखाली गेली आणि दूध पिणारं पिल्लू कोकरासारखंच उचलून छातीशी धरलं. करडीने तिचा हात फोडला.

पोराला चावलेलं कुत्रं ठेवायचं नाही, अशी तळाची रीत होती. बिरूने कुऱ्हाड घेतली. तळाचा म्हातारा कारभारी म्हणाला, "आज हात धरला, उद्या नरडं धरंल."

फुलाक्काने लेकीचा हात धुतला, हळद भरून बांधला, आणि मग नवऱ्यासमोर उभी राहिली.

"उचलायला हिला कुणी शिकवलं? म्या. पिल्लाला हात लावू नगं, हे कुणी शिकवलं? कुणीच न्हाई. मग कुऱ्हाड कुणावर चालवायची, सांगा की!"

 मोठ्यांनी शिकवायचं विसरायचं आणि जीव मात्र मुक्याचा जायचा, हे तिला सोसवेना. तिने बिरोबाला नवस बोलला. माझी लेक या दगडावर बसेल, मी तिच्याजवळ उभी राहीन. दिवस मावळायच्या आत करडी राग सोडून आपल्या पायांनी आली तर तिला जगू द्यायचं.

सुंद्रा बसली. अंग जरा वळवलेलं, हात मांडीवर, नजर खाली. तळ थांबून राहिला. कुणीतरी भाकरीचा तुकडा टाकायला गेलं, कुणी शीळ घालायला लागलं.

"बोलवायचं न्हाई," फुलाक्का म्हणाली. "तिला वाटलं तरच."

ऊन कललं. करडीने पिल्लांना पाजलं, चाटलं. मग उठली, लांबून वळसा घेत आली आणि सुंद्राचा बांधलेला हात हुंगत राहिली. नंतर झुडपाकडे परत गेली, तेच पिल्लू तोंडात धरून आणलं, सुंद्राच्या पायाशी ठेवलं आणि दगडावर चढून तिच्या शेजारी बसली, असं सांगतात. दोघी बसल्या तिथे दगड मऊ झाला म्हणे.

पिल्लू आणलं की नाही, यावर माळावर अजून वाद होतो. बिरूने कुऱ्हाड खाली ठेवली, यावर होत नाही.

आजही इथे पोर चालतं-बोलतं झालं की आई त्याला या दगडावर बसवते आणि स्वतः शेजारी उभी राहते. जेवत्या, झोपलेल्या, लेकुरवाळ्या कुत्र्याजवळ जायचं नाही, अंगावर आलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हे तिथेच सांगते. मग दोघं कुत्रं आपणहून यायची वाट बघतात.

रेवा न सांगता दगडावर जाऊन बसली. तिची आई शेजारी उभी राहिली. बिस्कीट खिशात गेलं, हात मांडीवर आले.

"आबा, तो आलाच नाही तर?"

"तर न्हाई. त्येची मर्जी."

कुत्र्याने भाकरी संपवली, आळस दिला, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि सावलीत अंग टाकलं. रेवा बराच वेळ तशीच बसून होती. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "झोपला. आता नाही जायचं."

धुळाप्पांनी पलीकडे मेंढ्यांजवळ उभ्या असलेल्या सुनेला हाक मारली.

"आगं, हिच्या हातात कोकरू दे."