दोनशे शेपट्या

“ती गाय माझी हाय, म्हाराज! तिचं वासरू घरी उपाशी वरडतंय!”

गोशाळेचं कुंपण धरून भिवरा ओरडली आणि राजा रणधवल यांच्या चांगल्या चाललेल्या सकाळीचा विचका झाला. वर्षातून एकदा महाराज स्वतः सरकारी गोशाळेची पाहणी करत. दोनशे गाई ओळीत उभ्या असत, सगळ्यांची शिंगं सरकारी लाल रंगानं रंगवलेली. त्यांच्या वैरणीसाठी घरोघर चारापट्टी वसूल होई. गुराख्याची सून भिवराही ती भरायची, आणि तिची स्वतःची गाय तांबू मात्र डोंगरावर मिळेल ते खुरटं गवत ओरबाडायची.

काल कारभाऱ्यांची माणसं आली आणि नुकतीच व्यालेली तांबू दावं सोडून, शिंगांना लाल रंग फासून घेऊन गेली. “पाहणी झाली की देऊ!” असं म्हणाली. दरवर्षी गावातल्या गाई अशाच जायच्या, आणि तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. पण यंदा रात्रभर वासरू हंबरत राहिलं, आणि भिवराला काही ते ऐकवेना.

गोशाळेचे कारभारी हैबतराव पोट सावरत पुढे आले. “महाराज, शिंगं लाल म्हणजे गाय सरकारी! बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.”

“तपासणी झाली का?” महाराजांनी विचारलं.

तपासनीस विसाजीपंत बासुंदीची वाटी खाली ठेवून लगबगीनं उठले. “झाली तर! मी जातीनं शेपट्या मोजल्या, महाराज. बरोब्बर दोनशे भरल्या!”

महाराज एक नंबरचे हट्टी. सरकारी रंग लागला की वस्तू सरकारची, हा त्यांचा खाक्या. एकदा रंगाऱ्याचा हात हलला आणि शेजारच्या राजाच्या पालखीवर लाल ओघळ आला, तर ती पालखीही त्यांनी ठेवून घेतली होती.

“गाय तुझी ना? मग दिवेलागणीच्या आत सिद्ध कर!” ते गरजले. “पण शिंगांचा रंग पुसायचा नाही. साक्षीदार आणायचा नाही. गाईला हात लावायचा नाही, हाकही मारायची नाही. नाही जमलं तर वासरूसुद्धा सरकारजमा!”

उगाच तोंड उघडलं, असं भिवराला वाटून गेलं. तिनं कुंपणाकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, मग उन्हाकडे पाहिलं आणि पदर खोचला.

“म्या कायबी करनार न्हाई, म्हाराज. तुमीच करा. दिस कलला की फाटक उघडा, अन् कुनी काठी आडवी घालायची न्हाई. मग गाई जातील तिकडं चला.”

हैबतरावांना घाम फुटला. “महाराज, जनावराची साक्ष कसली काढता? मुका जीव तो!”

“मुका हाय, पर लाच खात न्हाई,” भिवरा म्हणाली. “अन् त्याला लाच द्यायची तर वैरण लागंल, कारभारी. तीच तर तुमच्याकडं न्हाई!”

महाराजांच्या मिशा थरथरल्या, पण त्यांनी हसू दाबलं.

दिवस कलला. फाटक उघडलं. एकही गाय हलेना! हैबतरावांनी मिशीला पीळ भरला. भिवराचे ओठ तांबूला हाक मारायला शिवशिवत होते, पण तोंडात पदर कोंबून ती उभी राहिली. तेवढ्यात गावातून वासराचं हंबरणं आलं. तांबूनं कान टवकारले आणि शेपूट वर करून जी धूम ठोकली! तिच्यामागे कळप धूळ उडवत निघाला, कळपामागे घोड्यावरून महाराज, आणि त्यांच्यामागे धापा टाकत भिवरा, हैबतराव आणि विसाजीपंत.

रोजची वेळ, रोजची वाट. गाई आपापल्या दारापाशी वळू लागल्या. लाल शिंगं दारात आणि राजा मागे दिसताच लोकांची गाळण उडाली. “हाड! ही आमची नव्हं!” म्हणत ते आपल्याच गाई हाकलू लागले. एका गाईनं तर दार अडवणाऱ्या तेल्याला ढुशी देऊन बाजूला केलं आणि लाल शिंगांसकट सरळ गोठ्यात जाऊन बसली.

एक गलेलठ्ठ पांढरी गाय डौलात विसाजीपंतांच्या अंगणात शिरली. पंतांच्या बायकोनं पेंडीची पाटी पुढे केली. धुळीत तिला महाराज कुठले दिसायला! “आलीस का गं? आणि त्या हैबतरावांनी यंदाचं भाडं नाही वाटतं धाडलं?”

महाराज सावकाश पंतांकडे वळले. “हीही शेपटी मोजलीत?”

“घ-घाईत ओळखली नाही, महाराज!”

भिवराच्या अंगणात वासरू ढुशा देत दूध पीत होतं आणि तांबू त्याला चाटत होती. भिवराचे डोळे भरून आले. “आता इचारा वासराला, गाय कुनाची ते!”

महाराज तडक गोशाळेत परतले, मागोमाग भिवराही. तिथं तीन म्हाताऱ्या, बरगड्या वर आलेल्या गाई बसून रवंथ करत होत्या.

“या का नाही गेल्या?”

“ह्यांचं घर हेच हाय, म्हाराज. ह्या तेवढ्या तुमच्या!”

“गाई तीन, वैरण दोनशेंची! मग खाल्ली कुणी?” महाराज कडाडले. सगळ्यांची नजर हैबतरावांच्या पोटाकडे गेली. “रंगारी! या कारभाऱ्याच्या वाड्याचं दार आत्ताच्या आत्ता लाल रंगव! आणि उद्यापासून कारभारी आणि तपासनीस दोघांनी या गाईंसाठी डोंगरावरून गवत कापून आणायचं!”

मग ते भिवराकडे वळले. “माग काय हवं ते! माझ्या गोशाळेतली एक गाय देऊ?”

“नगं, म्हाराज! तुमच्याकडं हायेतच तीन. गरिबाच्या गोठ्यातनं गाय न्यायची आमची रीत न्हाई!”

महाराज आधी गोरेमोरे झाले, आणि मग असे हसत सुटले की कुंपणाला धरून उभं राहावं लागलं. विसाजीपंतांच्या खांद्यावरचा तपासनिसाचा शेला त्यांनी ओढून काढला आणि भिवराच्या हातात दिला. गावाची चारापट्टी त्याच दिवशी माफ झाली. आणि पंतांची उरलेली बासुंदी? ती नव्या तपासनीसबाईंनी वाटी चाटूनपुसून संपवली!