सबा नावाची सांडणी

सबा राज्याच्या राजाला आपल्या राज्याच्या नावाचा भारी गर्व. त्या मुलखात जनावरांना राज्यांची नावे देण्याची चाल होती. लोबान विकणारी शमसा आपल्या सांडणीला ‘सबा’ म्हणून हाक मारते, हे राजाच्या कानावर गेले. झाले! दोघींना दरबारात उभे केले.

“माझ्या राज्याचे नाव या जनावराला? सांडणी जप्त करा!”

शमसाला चिंता पडली. सांडणी गेली, तर लोबान बाजारात कोण नेणार? तरी धीर करून ती म्हणाली, “महाराज, एवढेच सांगा. उत्तरेला वाळूत ओसाड शहर आहे, ते कोणाचे?”

“झमार राज्याचे. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!”

“तिथे ना राजा उरला, ना भिंत. मग नाव आपल्याला कोणी सांगितले?”

 राजा हळूच म्हणाला, “माझ्या दाईची बकरी होती... तिचे नाव झमार.”

“मग माझी सांडणी राहू द्या, महाराज. पुढे सबाचे नाव घ्यायला कोणी नको का?”

 राजा आधी गालात, मग पोट धरून हसला. सांडणी सुटली.

त्याच संध्याकाळी राजवाड्यातल्या मांजरीलाही नवे नाव मिळाले.