तांबडीचा जळफळाट

वाद्यं आपसांत बोलत असत, त्या दिवसांतली ही गोष्ट. वसईच्या एका दुकानात दोन बेस गिटारी शेजारी शेजारी टांगलेल्या होत्या. तांबडीचा आवाज खोल आणि भरदार होता. काळीचा जरा खरखरीत, नाकातला. वाजवून बघणारा प्रत्येक जण तांबडीचंच कौतुक करी.

एकदा लग्नांत वाजवणारा सायमन आला. त्यालाही तांबडीच आवडली, तरी पारखून बघायला तो दोघींना तालमीला घेऊन गेला. ‘हिला कशाला उगाच?’ तांबडी मनात धुसफुसली.

तालमीत ड्रम, कीबोर्ड आणि गाणारी ज्युली एकदम सुरू झाले. तांबडी जीव तोडून वाजली, पण ड्रमच्या धमधमाटात तिचा आवाज विरून गेला. ज्युली थांबून म्हणाली, “सायमन, बेस लाव ना.”

“लावलेलाच आहे गं,” सायमन ओशाळला. त्याने तांबडीला भिंतीशी टेकवलं आणि काळी गळ्यात अडकवली. आता बेसचा एकेक सूर वेगळा ऐकू आला.

“हीच घेतो,” सायमन म्हणाला.

“त्या खरखरीत आवाजात आहे काय एवढं?” तांबडी जळफळत पुटपुटली. “तुटू दे तिची तार.”

काळीने ते ऐकलं. “ताई, तुझा आवाज ज्या खोल पट्टीत लागतो, त्याच पट्टीत ड्रमचाही लागतो, म्हणून तो त्यात बुडतो. मी त्याची जागा सोडून बोलते, एवढंच.”

गाणं पुन्हा सुरू झालं, आणि भिंतीशी टेकलेल्या तांबडीच्या तारा तिच्या मनाविरुद्ध काळीच्या सुरांबरोबर थरथरू लागल्या.